सीआरपी आठ

"काही नाही, असं लिही," नाना म्हणाले.

मी पेन तसंच धरून उभी होते. फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता, पूर्वीचे आजार. त्यात मी 'रक्तदाब' एवढं लिहिलं होतं आणि पुढं स्वल्पविराम देऊन थांबले होते.

"नाना, इथं खरं लिहायचं असतं."

"रक्तदाब खोटाय होय माझा?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग झालं तर." त्यांना धाप लागली होती. दोन श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, "तो स्वल्पविराम खोड. अर्धवट दिसतंय."

मी खोडला.

दुसरी लाट होती. गावातल्या मुलींच्या वसतिगृहात कोविड सेंटर केलं होतं. मुली घरी गेलेल्या, पण भिंतीवर मेसचं वेळापत्रक अजून तसंच होतं, सोमवारी मटकी, मंगळवारी वांगी. एका खोलीत चार कॉट. नानांना खिडकीजवळची मिळाली म्हणून मला बरं वाटत होतं, तेवढ्यात शेजारच्या कॉटवरच्या माणसानं मास्क हनुवटीवर ओढला आणि कोपरावर रेलून आमच्याकडं बघितलं.

"रामराम साहेब. वळखलं का?"

नानांनी चष्मा पुसला. "सर्जेराव."

"वळखलं म्हणायचं. मला वाटलं, मास्क हाय तवर वास यायचा न्हाई, आन् वास आल्याबिगर तुमी आमास्नी काय वळखत न्हाई."

पलीकडच्या दोन कॉटवरची माणसंही हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, रकान्यावरून एकदा नजर फिरवली आणि पालथा करून उशीखाली सरकवला.

नाना एसटीत होते. एकतीस वर्षं. सुरुवातीला कंडक्टर, आणि शेवटची बारा वर्षं आमच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. पहाटेच्या गाड्या सुटायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरनं त्यांच्या खिडकीत वाकून आपल्या मार्गावरचे सगळे थांबे मोठ्यानं म्हणून दाखवायचे, असा त्यांचा नियम होता. थांबे नानांना पाठच होते, ते ऐकतच नसत. ते फक्त खिडकीच्या जाळीला नाक लावून बसत. ज्याच्या तोंडाला दारूचा वास आला त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. ड्रायव्हर त्यांना माघारी आमच्या आडनावावरून 'मगदूम मीटर' म्हणायचे. सर्जेराव त्या खिडकीत दोनदा सापडले होते. दुसऱ्या वेळी तीन महिने घरी बसावं लागलं होतं.

आणि त्याच नानांचं यकृत आकसलं होतं.

त्यांनी थेंब कधी घेतला नव्हता. आम्ही जैन, चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. कंडक्टर असताना त्यांची गाडी ओढ्यात उलटली होती. तेव्हा तीन बाटल्या रक्त चढवलं, आणि त्यातूनच कधीतरी काविळीचा विषाणू अंगात गेला असणार. तो वीस-पंचवीस वर्षं गप्प बसला. पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि मान वर न करता विचारलं, "किती वर्षं घेताय?"

नाना खुर्चीवरून उठून बाहेर निघून गेले. आई आणि मी त्यांना रिक्षा स्टँडवरून परत आणलं. तीन महिने गोळ्या खाल्ल्यावर विषाणू गेला, यकृत मात्र आकसलेलं राहिलं. त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. लिव्हर हा शब्द उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही. अळणी जेवण बीपीसाठी, आणि महिन्यातून एकदा मिरजेला जायचं ते गुडघ्यासाठी. माझ्या सासरीसुद्धा आम्ही पित्ताचा त्रास असंच सांगितलं होतं.

"लोकांना लिव्हर म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही," नाना म्हणायचे. "बारा वर्षं मी लोकांची तोंडं हुंगली. माझं कोण सोडेल?"

मी तेव्हा सेंटरच्या फाटकासमोरच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. गावात तेवढी एकच लॅब. सगळ्या सेंटरचं रक्त आमच्याकडं यायचं. त्या दोन महिन्यांत गावाला एक नवीन शब्द आला होता, सीआरपी. अंगात किती आग पेटली आहे त्याचा हा आकडा, असं आम्ही लोकांना समजावून सांगायचो. सहाच्या आत असला की बरा, शंभराच्या पुढं गेला की धोक्याचा. लोक दहावीचा निकाल विचारावा तसं विचारायचे. "आमच्या दाजींचं नव्वद आलंय, तुमचं किती?" भाजीच्या गाड्यावर हेच, दुधाच्या डेअरीत हेच. ज्यांना आपलं वजन ठाऊक नव्हतं त्यांना घरातल्या सगळ्यांचं सीआरपी तोंडपाठ होतं. आणि मी ते आकडे काढणारी, त्यामुळं गल्लीत माझा भाव वाढला होता. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांच्या आधी मला गाठायचे. "ताई, बघून सांगा की, काळजीचं काय हाय का?" आणि मी सांगायची.

शनिवारी नाना दाखल झाले. रविवारी सकाळी मी स्वतः त्यांचं रक्त काढलं. त्यांची शीर सापडायला नेहमीच वेळ लागायचा. सर्जेराव बघत होते.

"साहेब, लेकीच्या हातात सुई बघून घाबरलासा काय?"

"तुझं तू बघ."

"माझं बघायला कोण हाय? माझी लेक आयटीआयला हाय. ती फारतर माझं वायरिंग बघंल."

नानांच्या ओठांची कड जरा हलली. त्यांना दम लागत होता, पण त्या खोलीत दम लागत नसलेलं कोण होतं?

नानांचा नमुना मी दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. सीआरपी आलं आठ. मी पुन्हा लावलं, पुन्हा आठ. त्याच ट्रेमधल्या सर्जेरावांचं एकशे बारा. मी स्टुलावर बसले आणि मास्कच्या आत रडले. हसतच रडले खरं तर. प्लेटलेट्स एकसष्ट हजार होत्या, पण लिव्हरमुळं त्या नानांच्या नेहमीच तेवढ्या कमी असायच्या. त्याकडं मी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल.

आईला फोन लावला.

"आई, सीआरपी आठ."

"आठच?" आई म्हणाली. "अगं, शेजारच्या आक्काताईंचं साठ होतं आणि त्या चालत घरी आल्या."

"तेच म्हणते मी."

"बघ, मी म्हणत होते. पथ्याचा माणूस आहे." मग फोन तसाच चालू ठेवून तिनं देव्हाऱ्यापाशी णमोकार म्हटला. मी सगळा ऐकला. मला मळमळत होतं, पण मी ते पीपीई किटवर ढकललं. माझी मुलगी धृती तेव्हा पोटात होती, सहा-सात आठवड्यांची. मला ठाऊक नव्हतं.

दुपारी एक वाजता मी रिपोर्ट घेऊन वर गेले. डॉक्टर इंगवले खोलीच्या दारातच उभे होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. किट घालून घालून नाकाच्या शेंड्याची सालं निघाली होती.

"पद्मजाताई, बरं झालं आलात. मिरजेत एक बेड मिळालाय. एकच. गाडी खाली उभी आहे आणि अर्ध्या तासात बेड घेतला नाही तर जाईल." त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले. "दोघांचंही ऑक्सिजन एक्क्याण्णव. सर्जेरावांचं सीआरपी एकशे बारा, काकांचं आठ. कागदावर बघितलं तर प्रश्नच नाही. पण काकांचं वय साठ आहे, आणि का कुणास ठाऊक, मला त्यांचा चेहरा बरा वाटत नाही."

ते नानांच्या कॉटपाशी गेले. मी मागं.

"काका, आधीचं काही? लिव्हर, किडनी, हार्ट? असेल तर सांगा. मी तुम्हालाच पाठवतो."

नाना भिंतीकडं बघत म्हणाले, "ठणठणीत. एकतीस वर्षांत आजारपणाची रजा मोजून चार वेळा."

"प्लेटलेट्स बऱ्याच कमी दिसतायत."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "ताई?"

सर्जेराव पाठ करून झोपले होते. निदान मला तसं वाटलं. त्यांची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. पलीकडचे दोघे जागे होते. नानांनी चादरीखालून माझं मनगट धरलं. दाबलं वगैरे नाही, नुसतं धरलं. लहानपणी स्टँडवर गर्दीत धरायचे तसं.

"व्हायरलमध्ये पडतात सर प्लेटलेट्स," मी म्हणाले. लॅबमध्ये फोनवर सांगायची तशीच, अगदी त्याच आवाजात. "बाकी फक्त बीपी आहे."

"नक्की?"

"हो सर."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यात खोटं काही वाटलंच नाही. सीआरपी आठ होतं. आकडा मी माझ्या हातानं काढला होता, दोनदा काढला होता. ज्याला बेडची गरज नाही त्याच्यासाठी नानांची अब्रू चारचौघांत कशाला उघडी करायची? मला वाटलं, मी दोन्ही राखलं, नानांची अब्रू आणि सर्जेरावांचा बेड.

सर्जेरावांना स्ट्रेचरवर घेतलं. दारातून जाताना त्यांनी मान वळवून नानांकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकले. स्ट्रेचर गेलं.

"सुटली गाडी," नाना म्हणाले, आणि डोळे मिटले.

सोमवार बरा गेला. म्हणजे मी वर दोनदा जाऊन आले तेव्हा बरे दिसले. मोसंबीचा रस घेतला. घरी लावलेल्या कढीपत्त्याला पाणी घालायला आईला सांग म्हणाले. जरा झोपाळले होते, मला वाटलं, झोप लागते आहे हे चांगलंच.

मंगळवारी अकराच्या सुमाराला सेंटरवरच्या शेवंतामावशींचा फोन आला.

"ताई, वर या जरा. तुमचं वडील काय कराय लागल्यात बघा."

"काय झालं?"

"या तर." त्या हसू दाबत होत्या. "सकाळी सहापासनं नाटक चाललंय."

मी किट न घालताच गेले. नाना कॉटच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून. लेंगा ओला होता. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटून बाहेर येत होते. समोर उभ्या असलेल्या सिस्टरकडं बोट करून ते काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला कळायला वेळ लागला. ते म्हणत होते, "थांबे सांग. थांबे."

"कुठनं आणली आन् कवा घेतली, आमाला पत्त्या लागला न्हाई," शेवंतामावशी म्हणाल्या. "साहेब मानूस, म्हटलं झोपून ऱ्हाऊ दे, उतरंल. कुनाला कळू दिलं न्हाई आमी."

"ते घेत नाहीत," मी म्हणाले.

सिस्टर खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मी वास घेतला. गोडूस येतोय तोंडाला."

तिनं वाकून, नाकाजवळ नेऊन, नानांच्या तोंडाचा वास घेतला होता. कॉटच्या पायथ्याला लटकवलेल्या तक्त्यावर सकाळी सव्वासहाच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, मद्यप्राशन, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

मी नानांसमोर खाली बसले. त्यांचे डोळे पिवळे झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"कुठली गाडी?"

"मिरज," मी म्हणाले.

"म्हण."

"फाटा. कारखाना. शिरोळ. अर्जुनवाड." मी मास्क काढला आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "कृष्णेचा पूल. मिरज."

नानांनी मन लावून वास घेतला. डोळे मिटून. मग मान हलवली.

"जा," म्हणाले. "सावकाश जा."

डॉक्टर जिन्यात भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं, रक्ताच्या तीन बाटल्यांपासून. लॅबच्या कपाटात नानांचे सहा वर्षांचे रिपोर्ट होते, माझ्याच हातानं काढलेले. अल्ब्युमिन, बिलिरुबिन, सगळे. ते मी आणून त्यांच्या हातात दिले. ते पायरीवर बसले आणि एकेक उलटून बघायला लागले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताई, सीआरपी बनवतं कोण?"

मी खालच्या पायरीवर बसले.

"यकृत. यकृत बनवतं. ज्याचं यकृतच संपत आलंय त्याचं सीआरपी कशाच्या जोरावर वाढेल? अंगात आग लागली होती, पण ओरडायला आत कुणी नव्हतं. काकांचं आठ म्हणजे बरं नव्हतं. आठच वाईट होतं. आणि तो गोडूस वास, ते बरळणं, तेही यकृताचंच." त्यांनी कागद नीट जुळवले. "तुम्हाला डिप्लोमात शिकवलं असेल ना."

शिकवलं होतं. परीक्षेला आला होता प्रश्न. यकृतात तयार होणारी प्रथिने लिहा. मी पाच लिहिली होती, चौथं सीआरपी. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"सर," मी म्हणाले, "तक्त्यावरची ती ओळ खोडाल का आधी?"

"कुठली?"

"मद्यप्राशन लिहिलंय ती."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग वर गेले, ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेले. मिरज, सांगली, कोल्हापूर. त्यांचा आवाज मला आतपर्यंत येत होता. "हो, लिव्हरचे आहेत. नाही, आज कळलं. रविवारी? नाही, रविवारी माहीत नव्हतं."

साडेतीनला नानांना रक्ताची उलटी झाली. पाचला सांगलीत बेड मिळाला. पाच वाजून वीस मिनिटांनी नाना गेले. गाडी खाली दारातच उभी होती, ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं.

आईला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. त्या दिवसांत कुणालाच मिळत नव्हतं. नवव्या दिवशी ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "एवढं शिकलेले डॉक्टर. लिव्हरचं आहे का, एवढं एक विचारता येऊ नये?"

"नाही विचारलं त्यांनी," मी म्हणाले.

तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "तू असतीस तिथं तर तू तरी सांगितलं असतंस."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले.

तीन आठवड्यांनी सर्जेराव आले. अर्धे झाले होते, शर्ट खांद्यावरून घसरत होता. आत या म्हटलं तर आले नाहीत, बाहेरच्या पायरीवर टेकले. आईनं चहा केला आणि आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत बसलो. बराच वेळ ते कप हातात फिरवत राहिले.

"वैनी, एक सांगायचं हुतं. साहेब हुते तवर सांगता येत नव्हतं."

"बोला की भाऊ."

"म्हैन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब सकाळच्या गाडीनं मिरजंला जायाचे न्हवं?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "गुडघ्यासाठी जायचे."

"गुडघ्याला न्हाई वैनी." त्यांनी हे इतक्या हळू म्हटलं की लाज त्यांनाच वाटत असावी. "साहेबांची औषधाची बिलं हापिसात पास व्हायाची. सगळ्या डेपोला ठावं हुतं, लिव्हरचं हाय आन् कशानं झालंय ते. अपघाताच्या गाडीवर आमचाच मानूस ड्रायव्हर हुता की. त्यांच्या पायाला सूज यायची, चालाय वेळ लागायचा. मग आमी ठरवलं हुतं, त्या सोमवारी मिरज गाडी कुनीबी नेऊ दे, साहेब बसल्याशिवाय हालवायची न्हाई. पाच मिंटं, धा मिंटं. कधी रेडिएटरला पानी, कधी चाकात हवा. आन् साहेब गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरला उशिराबद्दल मेमो. माझ्याकडं तीन हायत तसले मेमो."

आई हसली. नाना गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

"कुणी त्यांना हसलं नाही?" मी विचारलं.

"कशाला हसंल कोन?" त्यांना खरंच कळलं नाही. "वास घेऊन घेऊन माझी तरी सुटली. आठ वर्सं झाली. बायको रोज दिवा लावताना साहेबांचं नाव घ्यायची. सोताची गाडी उलटल्याली बघितल्याला मानूस त्यो, म्हनून वास घ्यायचा."

कपातला चहा निवला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला आणि कप पायरीवर ठेवला.

"त्या दिवशी मी झोपलो नव्हतो," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "डॉक्टरनं साहेबांना इचारलं, लिव्हरचं काय हाय का, हाय म्हटलं तर तुमालाच धाडतो. मला समदं ऐकू येत हुतं. माझ्या तोंडावर आलं हुतं, की हाय म्हनून. मग म्हटलं, बेड एक हाय. म्हटलं, लेक हुबी हाय, ती बोलंल." त्यांनी घसरलेला शर्ट खांद्यावर ओढला. "तुमास्नी बी इचारलं की ताई त्यांनी. दोनदा इचारलं."

रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले.

"पद्मजा," आई म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं होतं?"

"हो."

"तुला?"

"हो."

आई उठली. उठताना तिनं नेहमीसारखा माझ्या खांद्याचा आधार घेतला नाही, दाराची चौकट धरली. आतून चहाचं पातेलं घेऊन आली.

"भाऊ, अजून थोडा घ्या," ती सर्जेरावांना म्हणाली आणि त्यांचा कप काठोकाठ भरला. माझा कप अर्धा भरलेला होता. तो तिनं उचलला आणि आत नेऊन ओतून दिला.